तीस वर्षांचा फॉलोअप

जॉब इंटरव्ह्यूमधला सगळ्यात बोअर प्रश्न कोणता? ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?’ आपण सगळ्यांनीच यावर पाठ केलेलं उत्तर ठोकून दिलेलं असतं. टीम लीड, मॅनेजर, जमलं तर ऑनसाइट वगैरे. मनातलं खरं उत्तर ‘देव जाणे’ असतं, पण ते एचआरसमोर बोलायची सोय नसते.

आता हाच प्रश्न दोन वर्षांच्या पोराबद्दल विचारला तर? मूल बोलत नाही, हाक मारली तरी वळून बघत नाही, खेळण्यातली गाडी उलटी करून तिचं चाकच फिरवत बसतं. डॉक्टर म्हणतात, ऑटिझम. आईबाबा विचारतात, ‘पुढे काय होईल हो याचं?’ शाळेत जाईल का, बोलेल का, आम्ही गेल्यावर याला कोण बघेल?

या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर मिळवायचा एकच रस्ता आहे. ते मूल मोठं होईपर्यंत त्याच्याबरोबर थांबायचं आणि बघायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? करायला मात्र आख्खं करिअर लागतं. अमेरिकन सायकॉलॉजिस्ट कॅथरीन लॉर्ड यांनी नेमकं तेच केलं.

लॉर्ड यूसीएलएमध्ये शिकल्या, हार्वर्डमधून पीएचडी केली. मग नॉर्थ कॅरोलिना, शिकागो, मिशिगन, न्यूयॉर्क आणि २०१८मध्ये पुन्हा लॉस एंजेलिसला, यूसीएलएमध्ये. आपल्या भाषेत सांगायचं तर सीव्हीवर भरपूर जॉब चेंज. पण प्रोजेक्ट मात्र सोडला नाही.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नॉर्थ कॅरोलिना आणि शिकागोमध्ये दोनशेच्या आसपास मुलं निवडली. बहुतेकांना ऑटिझमच्या शंकेवरून तपासायला पाठवलेलं होतं, तेही तीन वर्षांची व्हायच्या आत. इतक्या लहान वयात निदान करणं तेव्हा धाडसाचंच होतं. ही मुलं दोनाची असताना तपासली, मग तिसऱ्या, पाचव्या, नवव्या वर्षी, मग साधारण एकोणिसाव्या वर्षी आणि त्याही पुढे. आज ती तिशी ओलांडलेली माणसं आहेत. म्हणजे माझ्यापेक्षा थोडी मोठीच!

पण तपासायचं कसं? ऑटिझमची ब्लड टेस्ट नसते. कुठलाही स्कॅन ‘पॉझिटिव्ह’ म्हणून सांगत नाही. माणसाचं वागणंच बारकाईनं बघावं लागतं. त्यासाठी लॉर्ड यांनी ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर एक पद्धत तयार केली, ती १९८९मध्ये प्रसिद्ध झाली. नाव लांबलचक आहे, ऑटिझम डायग्नॉस्टिक ऑब्झर्वेशन शेड्यूल. सगळे तिला एडॉसच म्हणतात. जगभर ऑटिझमच्या निदानात आणि संशोधनात ती वापरली जाते.

यात लहान मुलांसाठी चक्क साबणाचे फुगे असतात. बाहुलीचा वाढदिवस असतो. फुगे उडाले की मूल फक्त फुग्यांकडे बघतं, की फुगे बघून मग तुमच्याकडेही बघतं, ‘तुम्ही पण पाहिलंत ना?’ अशा नजरेनं? सगळी गंमत त्या एका नजरेत असते. मोठ्यांसाठी वेगळा भाग आहे. त्यात गप्पा असतात. नोकरी, मित्र, लग्न, पुढचे बेत, आणि ‘तुम्हाला कधी एकटं वाटतं का?’ हा प्रश्नसुद्धा.

लॉर्ड यांनी आपल्याच क्षेत्रालाही आरसा दाखवला. २०१२मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १२ विद्यापीठ केंद्रांमधल्या २,१०२ जणांच्या निदानांची तुलना केली. तेव्हा ऑटिझमच्या कुटुंबात वेगवेगळी लेबलं होती, कुणाला ‘ऑटिझम’, कुणाला ‘अ‍ॅस्पर्जर’, कुणाला तिसरंच काही. दिसलं असं, की कुणाला कुठलं लेबल लागणार हे बऱ्याच अंशी तो कुठल्या केंद्रात गेलाय यावर ठरत होतं. २०१३मध्ये अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या नव्या नियमावलीत ही सगळी लेबलं एकाच नावाखाली आली, ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर.

आता मुख्य प्रश्न. त्या मुलांचं पुढे काय झालं?

२०१४मध्ये लॉर्ड यांच्या टीमनं त्यातल्या ८५ जणांबद्दल लिहिलं, ते साधारण एकोणीस वर्षांचे झाल्यावर. काही जण कॉलेजला निघाले होते, काहींना अजूनही मोजकेच शब्द येत होते. साधारण ९ टक्के असे होते, की त्यांच्यात निदान करण्याइतकी लक्षणं उरली नव्हती. पेपरची हेडलाइन इथेच बनते. पण मग उरलेल्या ९१ टक्क्यांचं काय? ते सगळे नापास?

या प्रश्नाला लॉर्ड यांच्या टीमनं दिलेलं उत्तर मला सगळ्यात आवडतं. २०२०च्या एका शोधनिबंधात त्यांनी ‘चांगलं आयुष्य’ मोजायची पट्टीच बदलली. ज्यांची बौद्धिक क्षमता जास्त, त्यांच्यासाठी तीन गोष्टी मोजल्या. स्वतंत्र राहणं, पगाराची नोकरी आणि एक तरी खरा मित्र. ज्यांना जास्त आधार लागतो, त्यांच्यासाठी वेगळ्या तीन. रोजची कामं साधारण आठ वर्षांच्या मुलाइतकी जमणं, घराबाहेर काहीतरी नियमित करायला असणं आणि घरच्यांव्यतिरिक्त कुणाशी तरी संबंध असणं.

जरा थांबून ही यादी पुन्हा वाचा. यात ‘नॉर्मल दिसणं’ कुठेही नाही. स्वतःचे कपडे, स्वतःचं खाणं, जायला एखादी जागा आणि हाक मारायला एखादा माणूस. आपल्याला तरी याहून वेगळं काय लागतं? ईएमआय सोडला तर!

आणि यातलं बरंच काही शिकवता येतं. या मुलांच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलं, की अगदी लहान वयात ज्यांचे आईवडील स्वतः प्रशिक्षणात सामील झाले होते, त्यांच्यापैकी बरेच जण पुढे चांगलं करताना आढळले. इथे एक धागा थेट आपल्याजवळ येतो. गोव्यातली ‘संगत’ ही संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी, अशा दोन ठिकाणी ६५ मुलांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६मध्ये छापून आले. तज्ज्ञ डॉक्टर न लावता, साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद कसा साधायचा ते शिकवलं. फरक पडला. पालक मुलाला जास्त जुळवून घेऊ लागले आणि मूलही आपणहून जास्त संवाद साधू लागलं. या कामातल्या गौरी दिवाण पुढे ‘लॅन्सेट’च्या ऑटिझम आयोगावरही होत्या. त्या आयोगाच्या दोन प्रमुखांपैकी एक कॅथरीन लॉर्ड.

या आयोगानं २०२१च्या अखेरीस अहवाल दिला आणि वादही ओढवून घेतला. ज्यांना चोवीस तास कुणाची तरी सोबत लागते, त्यांच्यासाठी ‘प्रोफाउंड ऑटिझम’ असा वेगळा शब्द वापरावा, असं त्यांनी सुचवलं. टीव्हीवरचे हुशार, विक्षिप्त ऑटिस्टिक हीरो बघून लोक या मंडळींना विसरतात, हा त्यांचा मुद्दा. अनेक ऑटिस्टिक व्यक्तींनी मात्र विरोध केला. पुन्हा लेबलं लावून माणसांचे कप्पे कशाला, हा त्यांचा प्रश्न. दोन्ही बाजूंचं म्हणणं पटतं, आणि म्हणूनच हा वाद लवकर मिटेल असं दिसत नाही.

आता मराठी शब्दाबद्दल थोडं. ‘स्वमग्नता’ ऐकलं की वाटतं, हा माणूस स्वतःतच रमलाय, त्याला कुणी नकोय. पण एडॉसमध्ये मोठ्यांना एकटेपणाबद्दल विचारावं लागतं आणि संशोधकांच्या यादीत ‘एक खरा मित्र’ असतो, याचा अर्थ सरळ आहे. मित्र हवा असणं आणि मैत्री करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे २०१६च्या अपंगत्व हक्क कायद्यात ऑटिझमचं नाव आहे, सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांमध्येही आहे. कायदा माणसाला ऑफिसच्या दारापर्यंत आणतो. क्युबिकलपासून पुढचं खातं आपलं. समोरच्याला सूचकपणे बोललेलं कळत नसेल तर काम स्पष्ट लिहून द्या. मीटिंगची वेळ बदलली तर आधी सांगा. तो नजरेला नजर देत नाही म्हणून त्याला अ‍ॅटिट्यूड आहे असं ठरवू नका. आणि लंचला हाक मारा. तो ‘नको’ म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.

लॉर्ड बाईंनी तीस वर्षं फॉलोअप घेतला. आपल्याला फक्त पुढच्या आठवड्यापर्यंत लक्षात ठेवायचंय.