मोजायचे काय?

अमेरिकेच्या जीडीपीत स्वामित्वहक्कावर उभ्या असलेल्या मुख्य उद्योगांचा वाटा २०२१ साली ७.७६ टक्के होता, असे तिथल्या हक्कधारक संघटनांच्या आघाडीचा अहवाल सांगतो. भारतासाठी असा आकडा काढून सरकारदरबारी ठेवावा, असे प्रकाशकांना वाटणे साहजिक आहे. पण तो कसा काढतात, ते आधी पाहू. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने २००३ मध्ये मोजणीची पद्धत ठरवून दिली. पुस्तके, चित्रपट, संगीत, सॉफ्टवेअर हा तिचा गाभा. बाहेरच्या वर्तुळांत टीव्ही संच आणि कागद येतात, अंशतः दागिने आणि फर्निचरही! सोनार बाजूला ठेवले, तरी गाभ्यातली अडचण उरतेच. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. साठ वर्षांची मुदत संपून ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुली झाली आणि तिच्या आवृत्त्या अनेकांनी काढल्या. या हिशेबात मात्र ती छपाई आणि विक्री आजही स्वामित्वहक्काच्याच खात्यात पडते. ज्ञानेश्वरीचीही तीच गत. म्हणजे मोजला जातो तो धंदा. हक्कामुळे त्यात किती भर पडली, हे कळतच नाही.

हक्काची हमी नसेल तर नव्या लेखकावर पैसा कोण लावील, हा आक्षेप रास्तच आहे. मग हक्कामुळे जेवढे येते, तेवढेच मोजावे. सरकारला मोठे आकडेच कळतात, हा युक्तिवाद मात्र अंगाशी येतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्याच संगणक व दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने याच धर्तीवर मोजणी केली आणि कायद्यातल्या ‘उचित वापरा’च्या, म्हणजे परवानगीविना वापराच्या, सवलतींवर चालणाऱ्या उद्योगांचा वाटा जीडीपीच्या एक षष्ठांश दाखवला. मोठेपणाच निकष ठरला, तर सवलती वाढवा म्हणणाऱ्यांचेच पारडे जड!

हक्कातून थेट येणारा पैसा म्हणजे लेखकाची रॉयल्टी आणि अनुवाद-रूपांतराच्या हक्कांचे मोल. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, लेखकाच्या रॉयल्टीवर आहे. लेखकाने स्वतः कर भरण्याचा पर्याय घेतला नसेल, तर ‘रिव्हर्स चार्ज’ने तो प्रकाशक भरतो आणि पुस्तक करमुक्त असल्याने त्याची वजावटही त्याला मिळत नाही. हा भुर्दंड जाचक खराच, पण रॉयल्टीची नोंद त्यामुळे सरकारी दप्तरी होते. प्रकाशक संघटनांनी अर्थखात्याकडे या रॉयल्टीची भाषावार नसली तरी निदान राज्यवार बेरीज मागावी. ती लहान निघेल, कदाचित लाजिरवाणीही. वजावटीची मागणी करताना तीच उपयोगी पडेल, कारण सवलत दिल्यास तिजोरीला किती तोशीस पडेल, हे तिच्यावरूनच सांगता येईल.