काचेआडची नोरा

अमेरिकन कॉमिक्समधील खलनायकांची वर्गवारी करायची झाली, तर बर्फ आणि थंडी हेच ज्यांचे शस्त्र आहे अशांचा एक स्वतंत्र वर्ग सहज करता येईल. या वर्गाकडे पाहण्याची रूढ दृष्टी अशी, की थंडी म्हणजे भावशून्यता. ज्याचे काळीज गोठले आहे त्याच्या हातून बर्फ निघावा, हे ओघानेच आले. ही दृष्टी मला अपुरी वाटते. या खलनायकांच्या ज्या कथा खरोखर लक्षात राहतात, त्यांत भावनेचा दुष्काळ कुठेच नाही. तिथे एकच भावना आहे, आणि ती पुढे सरकायला तयार नाही. त्यांची थंडी म्हणजे काळाला दिलेला नकार आहे, आणि या नकाराची किंमत बहुधा दुसरेच कोणीतरी मोजत असते.

मराठी वाचकाला ही प्रतिमा थोडी परकी वाटते, याचे कारण आपल्या भाषेतच आहे. आपल्याकडे मन ‘निवते’, डोळे ‘निवतात’, जिवाला ‘गारवा’ मिळतो. पोळणे, जळणे, तापणे ही सारी दुःखाची क्रियापदे. उन्हाच्या देशातल्या भाषेने शीतलतेला सुखाच्या बाजूला बसवावे, यात नवल नाही. थंडीची भीती सांगण्यासाठी आपल्यापाशी दोनच चांगले शब्द आहेत : ‘गोठणे’ आणि ‘थिजणे’. दोन्हींचा मूळ रोख तापमानापेक्षा गती थांबण्यावर आहे. तूप थिजते, रक्त गोठते. जे वाहायला हवे होते ते जागच्या जागी राहते. या खलनायकांना समजून घ्यायला हे दोन शब्द पुरेसे आहेत.

आरंभीचे नमुने तसे साधे आहेत. १९४७ मध्ये ग्रीन लँटर्नच्या कथांत ‘आयसिकल’ अवतरला. १९५७ मध्ये ‘शोकेस’च्या आठव्या अंकात फ्लॅशच्या समोर ‘कॅप्टन कोल्ड’ उभा राहिला. १९५९ च्या फेब्रुवारीत ‘बॅटमन’च्या १२१व्या अंकात ‘मिस्टर झीरो’ आला. यांतला मिस्टर झीरो हा बर्फाची बंदूक बनवताना अपघात झालेला एक चोर. त्याला थंडीतच राहावे लागते, आणि कथेच्या शेवटी गरम वाफेने तो बरा होतो. थोडक्यात, त्याची थंडी ही सर्दीपेक्षा फारशी गंभीर नव्हती. १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याचे नाव बदलून ‘मिस्टर फ्रीझ’ केले. आपल्या कानाला ते स्वयंपाकघरातील कपाटाचे नाव वाटते. आणि पात्राची खोली त्या काळी साधारण तेवढीच होती.

कॅप्टन कोल्डच्या कल्पनेत मात्र पहिल्यापासून एक बीज होते. उष्णता म्हणजे पदार्थाच्या कणांची हालचाल, हे आपण शाळेत शिकतो. थंडी ही स्वतंत्र वस्तू नाही, ती या हालचालीची उणीव आहे; आणि उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला ही उणीव आपल्या शेवटच्या मर्यादेला पोचते. फ्लॅश हा मूर्तिमंत गती. त्याचा शत्रू त्याच्याहून वेगवान असण्याची गरज नाही. गती थांबवता आली की पुरे. पुढे, २००० नंतरच्या जेफ जॉन्सच्या कथांत, या लिओनार्ड स्नार्टला मारकुटा बाप मिळाला आणि आजोबांच्या बर्फाच्या गाडीतली काही सुखाची दुपार मिळाली. घरातल्या धगीतून सुटलेल्या मुलाला गारवा हेच आश्रयस्थान वाटले असेल, तर मोठेपणी त्याने सारे शहर गार करू पाहावे, हे समजण्यासारखे आहे. आपला निवण्याचा अर्थ आणि गोठण्याचा अर्थ येथे क्षणभर एकत्र येतात.

परंतु या वर्गाला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळाली ती ७ सप्टेंबर १९९२ रोजी, आणि तीही कॉमिक्सच्या पानावर नव्हे. ‘बॅटमन : द ॲनिमेटेड सिरीज’चा ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग त्या दिवशी प्रसारित झाला. लेखन पॉल डिनी यांचे, दिग्दर्शन ब्रूस टिम यांचे. जेमतेम वीस-बावीस मिनिटांच्या या भागाने मिस्टर फ्रीझला व्हिक्टर फ्राइझ हे नाव-गाव आणि नोरा नावाची पत्नी दिली. नोराला असाध्य आजार आहे. उपाय सापडेपर्यंत व्हिक्टरने तिला शीतनिद्रेत ठेवले आहे. ज्या कंपनीत तो काम करतो तिचा प्रमुख फेरिस बॉइल हा खर्च परवडत नाही म्हणून प्रयोग बंद करायला येतो आणि झटापटीत व्हिक्टरला रसायनांत ढकलून देतो. व्हिक्टर वाचतो, पण शून्याखालच्या तापमानाच्या पोशाखात कायमचा कोंडला जातो. बॅटमन शेवटी त्याला हरवतो तो थर्मासमधल्या गरम सूपने. सर्दी झालेल्या मालकासाठी आल्फ्रेडने प्रेमाने दिलेले ते सूप. त्याच वेळी बॉइलचे पापही उघडकीला येते. अखेरच्या दृश्यात कोठडीत बसलेला फ्रीझ हातातल्या काचेच्या गोलातील नर्तकीच्या बाहुलीशी बोलतो आहे, तिची क्षमा मागतो आहे, आणि बाहेर बर्फ पडतो आहे.

मायकेल अन्सारा यांनी या पात्राला दिलेला सपाट, चढउतार नसलेला आवाज हा या भागाचा प्राण आहे. दुःख इतके मोठे आहे, की त्याला आवाजात मावायला जागाच उरलेली नाही. डिनी यांच्या या संहितेला एमी पुरस्कार मिळाला, आणि ते योग्यच झाले. मुलांसाठीच्या व्यंगचित्रपटात शोकात्मिका बसवून दाखवणे ही सोपी गोष्ट नव्हती.

येथवर सर्वांचे एकमत आहे. माझा मतभेद सुरू होतो तो यापुढे.

भरताने करुण आणि विप्रलंभ शृंगार यांत जो भेद केला आहे, तो येथे फार उपयोगी पडतो. वियोग दोहोंतही आहे. परंतु करुणात पुन्हा भेट होण्याची अपेक्षा संपलेली असते, आणि विप्रलंभात ती शिल्लक असते. म्हणून एकाचा स्थायीभाव शोक, तर दुसऱ्याचा रती. १९९२ चा भाग पाहताना नोरा आता नाही, असाच आपला समज होतो. फ्रीझ सूड मागतो तो मृत पत्नीचा. म्हणजे तो भाग निःसंशय करुणाचा. पण १९९४ मधील ‘डीप फ्रीझ’ या भागात नोरा अजून शीतकक्षात जिवंत असल्याचे निघाले. त्यानंतर चित्रपट, कॉमिक्स, खेळ या सर्वांनी हेच चित्र उचलले : काचेआड झोपलेली नोरा आणि तिच्या औषधासाठी चोऱ्या करणारा व्हिक्टर. १९९७ च्या चित्रपटात अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या तोंडी बर्फावरच्या कोट्यांचा मारा झाला, पण काचपेटी तीच राहिली.

हा करुण नाही, कारण ती मेलेली नाही. हा विप्रलंभही नाही, कारण विप्रलंभात दोन जीव लागतात. येथे एकच जागा आहे. विरहात व्याकूळ होणारी नायिका निदान उसासे टाकते, निरोप पाठवते, रुसते. नोरा यांतले काहीच करू शकत नाही. संचारी भावांनाच संचार करायला वाव नसेल, तर स्थायीभाव रसापर्यंत पोचणार कसा? तो थिजूनच राहणार.

असे का झाले, याचे एक उत्तर व्यवसायात आहे. मासिक कॉमिक्सला पात्रे मरून चालत नाहीत आणि वाढूनही चालत नाहीत. बॅटमन १९३९ पासून आहे आणि म्हातारा झालेला नाही. सुपरमॅन काळात राहतो पण काळाने झिजत नाही, त्याने ठोस काही केले तर तो मरणाकडे एक पाऊल टाकील, ही अडचण उंबर्तो एको यांनी १९६२ मधील निबंधात फार नेमकी मांडली होती. नोराला बरे केले, तर फ्रीझला पुढच्या चोरीचे कारण राहत नाही. तिला मरू दिले, तरीही राहत नाही. तेव्हा ती गोठलेलीच बरी. ज्या शीतकक्षात व्हिक्टरने तिला ठेवले, त्याचे वीजबिल वास्तविक प्रकाशन व्यवसायच भरतो आहे.

दुसरे उत्तर अधिक अडचणीचे आहे. १९९४ मध्ये ग्रीन लँटर्नच्या एका अंकात नायकाच्या प्रेयसीला मारून तिचा देह फ्रीजमध्ये ठेवल्याचे दाखवले होते. पुरुष पात्राला दुःख किंवा सूडाचे निमित्त मिळावे म्हणून कॉमिक्समधील किती स्त्रियांचा असा बळी गेला, याची यादी गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये केली आणि तिला ‘विमेन इन रेफ्रिजरेटर्स’ असे नाव दिले. हे नाव रूपक म्हणून रूढ झाले. नोराच्या बाबतीत ते रूपकही राहत नाही, शब्दशः खरे ठरते. तिच्याविषयी आपल्याला काय ठाऊक आहे? ती सुंदर आहे, आजारी आहे, आणि तिच्यावर प्रेम केले जाते. तिला झोपायचे होते का, किती वर्षे, आणि जागे होऊन पतीने तिच्या नावाने केलेले खून तिला चालले असते का, हे विचारण्याची सोयच काचेने ठेवलेली नाही.

याच्या शेजारी ‘किलर फ्रॉस्ट’ ठेवून पाहावी. १९७८ मध्ये फायरस्टॉर्मच्या कथांत आलेली क्रिस्टल फ्रॉस्ट ही आपल्या प्राध्यापकाच्या प्रेमात पडलेली विद्यार्थिनी. नकार मिळतो, ती शीतकक्षात अडकते, आणि बाहेर येते ती इतरांच्या देहातील ऊब शोषून घेणारी, पुरुषांवर सूड उगवणारी स्त्री होऊन. पुरुष गोठला की त्याची शोकात्मिका होते. स्त्री गोठली की एक तर ती काचेतली बाहुली होते किंवा चेटकीण. या दोन टोकांच्या मध्ये तिला उभे राहायला जागा नाही.

म्हणूनच २०१२ मध्ये जे झाले त्याची बाजू घ्यावीशी वाटते. स्कॉट स्नायडर आणि जेम्स टिनियन यांनी ‘बॅटमन’च्या त्या वर्षीच्या वार्षिक अंकात फ्रीझची कथा उलटी केली. या कथेत नोरा त्याची पत्नी नाहीच. ती नोरा फील्ड्स. १९४३ मध्ये जन्मलेली आणि व्हिक्टरच्या जन्माच्या कितीतरी आधी गोठवून ठेवलेली एक रुग्ण. संशोधन करता करता व्हिक्टर त्या निद्रिस्त चेहऱ्याच्या प्रेमात पडला आणि आपले लग्न झाले आहे असे स्वतःच मानून बसला. चाहते संतापले. आमची शोकात्मिका हिरावून घेतली, एका थोर प्रेमिकाला वेडा ठरवले, असा सूर निघाला.

चाहत्यांचे दुःख मी समजू शकतो. डिनी यांची कथा अधिक सुंदर आहे, याबद्दलही वाद नाही. पण स्नायडर-टिनियन यांनी व्हिक्टरवर नवे काही लादले असे मला वाटत नाही. जुन्या चित्रात जे आधीच होते, त्यावरचा बर्फ त्यांनी फक्त खरवडला. जी बोलत नाही, बदलत नाही, नाही म्हणत नाही, तिच्यावर वीस वर्षे चाललेल्या प्रेमात प्रेयसीचा वाटा किती आणि प्रियकराच्या कल्पनेचा किती? लग्नाचे प्रमाणपत्र असल्याने हा प्रश्न सुटत नाही. २०१२ च्या अंकाने ते प्रमाणपत्र काढून घेतले आणि आपल्याला प्रश्नासमोर उघडे पाडले. राग आला तो त्यामुळे.

याला उत्तर देण्याचे प्रयत्न दोनदा झाले. १९९८ च्या ‘सबझीरो’ या व्हिडिओ चित्रपटाच्या शेवटी नोरा बरी होते. सर्वांनी मेला असे मानलेला व्हिक्टर दूर बर्फाळ प्रदेशात एका खिडकीबाहेर उभा राहून ही बातमी दूरचित्रवाणीवर पाहतो. त्याच्या डोळ्यांत पाणी येते, आणि तो तिच्याकडे न जाता ध्रुवीय अस्वलांसोबत हिमात निघून जातो. ते पाणी वाहते, हे महत्त्वाचे. साऱ्या कथापरंपरेत व्हिक्टर खऱ्या अर्थाने वितळतो तो येथे, कारण ती त्याच्याशिवाय जगणार हे त्याने मान्य केले आहे. दुसरा प्रयत्न २०१९ मधला. पीटर टोमासी यांच्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मधील कथेत नोरा जागी होते, गुन्हेगारीची चव घेते आणि व्हिक्टरला सोडून जाते. तिला पुन्हा चेटकिणीच्याच साच्यात घातले, ही तक्रार रास्त आहे. तरीही तिने पहिल्यांदा नाही म्हटले, याचे मोल मी कमी मानत नाही.

आपण सारेच गेलेल्या माणसाला मनात एका वयात, एका चेहऱ्याने थांबवून ठेवतो. भिंतीवरच्या तसबिरीला रोज हार घालतो. त्यात पाप नाही; दुःखाला थोडा काळ गोठावेच लागते, एरवी ते सोसणार कसे? पण पहिल्या वर्षाचे श्राद्ध झाले की शोकाला वाट करून देणारी रीत आपल्या पूर्वजांनी घालून दिली, तीही काही उगाच नव्हे. व्हिक्टर फ्राइझचा गुन्हा बँका लुटण्याचा नाही. त्याने आपल्या दुःखाला वाहू दिले नाही, आणि ते टिकवण्यासाठी एका जिवंत बाईला काचेत ठेवले. त्याच्यासाठी हळहळताना आपल्या डोळ्यांसमोर अजूनही त्याचाच चेहरा येतो. एकदा त्या काचेच्या आतून बाहेर पाहावे, एवढेच म्हणणे आहे.