सतरंजी उचलणाऱ्या हातात माईक कधी येणार?

गॅदरिंग जवळ आले की शाळेत कामांची वाटणी होते. सूत्रसंचालन कोण करणार, स्वागतगीत कोण म्हणणार, पाहुण्यांना गुलाबपुष्प कोण देणार, याची यादी तयार होते. सतरंज्या कोण अंथरणार, खुर्च्या कोण मांडणार, मैदानातले दगडगोटे कोण वेचणार, याची यादी लागत नाही. ती मुले ठरलेलीच असतात. आम्ही त्यातलेच. मंडपाचे खांब आम्ही रोवले, पण त्या मंडपातल्या माईकसमोर एकदाही उभे राहिलो नाही.

पूर्णा तालुक्यातले ताडकळस आणि भोवतालची खेडी डोळ्यासमोर ठेवून आम्ही हे लिहीत आहोत. मराठवाड्यातल्या कोणत्याही बाजारगावाला ते लागू पडेल. आमचे म्हणणे एकच आहे : जात वर्गापेक्षा वर्गाबाहेर जास्त मोकळी फिरते. बोर्डाच्या पेपरवर बैठक क्रमांक असतो. गुण कागदावर येतात, फेरतपासणी मागता येते. पण ‘हा मुलगा धीट आहे’, ‘ही मुलगी स्टेजवर शोभते’ हा निकाल कुणाच्या तरी मनात लागतो. त्यावर अपील नाही. म्हणूनच गॅदरिंग, सहल, वक्तृत्व, खेळ या गोष्टींना ‘अवांतर’ म्हणून सोडून देता येणार नाही.

खेळात जात नसते, असे सांगणाऱ्यांनी पळवणकर बाळू आठवावेत. पुण्याच्या मैदानावर त्यांची गोलंदाजी सगळ्यांना हवी होती, पण त्यांचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधार म्हणून त्यांची निवड कधी झाली नाही. घाम चालतो, नेतृत्व चालत नाही. आज भांडे वेगळे नसेल. पण रिले शर्यतीत आमचा पोरगा पळतो आणि संघाचा कॅप्टन दुसराच असतो, हे चित्र कुणाला अनोळखी आहे?

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९२४ ला त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. पण काम राहण्या-जेवण्याच्या सोयीवर थांबले नाही. मुंबईत मोफत वाचनालय चालवले, हॉकी क्लब चालवला. विद्यार्थ्यांचे ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक निघाले. ज्या समाजाला पाणवठ्यावर पाय ठेवू देत नव्हते, त्याच्या मुलांच्या हातात बाबासाहेबांची संस्था हॉकीची स्टिक देत होती. पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ नाटक विद्यार्थ्यांनी उभे केले. मिलिंदमधून लिहिते-बोलते लोक बाहेर पडले ते नुसत्या तासिकांमुळे नव्हे.

कायदाही आमच्या बाजूने आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा बालकाच्या सर्वांगीण विकासाची आणि कृतीतून शिकण्याची भाषा करतो. प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि क्रीडांगण हवे, असे त्याच्या अनुसूचीत लिहिले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस सुचवले. राज्याने २०२४ ला ‘आनंददायी शनिवार’ आणला. कागद भरपूर आहेत. प्रश्न असा की त्या शनिवारी ग्रंथालयाच्या कपाटाचे कुलूप निघते का?

आता वेळापत्रक बघा. गॅदरिंग, तालुका क्रीडास्पर्धा, सहल यांचा हंगाम हिवाळा. ऊसतोडीचा हंगामही तोच. शाळेत लेझीम घुमत असते तेव्हा कोयत्यावर गेलेल्या आईबापांची मुले फडावर असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये परत येतात तोवर बक्षिसे वाटून झालेली असतात. त्यांना कुणी वगळले नाही, असे शाळा म्हणू शकते. वगळायला नाव घ्यावे लागते. इथे तर तारीखच काम करते. जे गावात राहतात त्यांच्यापुढे ड्रेपरीचे भाडे आणि सहलीची वर्गणी उभी राहते. त्या वर्गणीत घरचा आठवड्याचा किराणा येतो.

‘तुमची मुले पुढे येत नाहीत’ हे आम्ही हजारदा ऐकले. पुढे येणे ही उपजत कला नाही. परिपाठात रोज त्याच चार जणांना बोलावले तर त्या चौघांचीच भीड मोडेल. बाकीच्यांना भित्रे ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? २०२० पासून राज्यातल्या शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन करायचे आहे. ज्या परभणीत १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्या जिल्ह्यात तरी संधीची समानता नुसती तोंडाने म्हणून चालणार नाही. ती परिपाठाच्या यादीत दिसली पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सूत्रसंचालन, परिपाठ, संघनायक ही कामे हजेरीपटाच्या क्रमाने फिरवा. सतरंजी आणि झाडूही त्याच क्रमाने फिरवा. उपक्रम शाळेच्या वेळेत घ्या, म्हणजे लांबच्या खेड्यातल्या मुलीची शेवटची एसटी चुकणार नाही. ड्रेपरीशिवाय कार्यक्रम करा. गॅदरिंग दिवाळीआधी घ्या किंवा एक उपक्रम ऊसतोडीवरून मुले परतल्यावर ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतील तर त्यांनी हे ठराव मांडावेत. सही करून उठू नये.

आणि थोडे आपल्याशीही. १४ एप्रिलच्या डीजेला जेवढी वर्गणी जमते, तिच्या एका हिश्श्यात विहारात पुस्तकांचे कपाट, एक कॅरम आणि दोन व्हॉलीबॉल येतात. ‘आधी अभ्यास कर, हे चाळे नंतर’ असे पोरांना दरडावणारे आपल्यातही आहेत. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. २०१७ पासून राज्य तो दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळते. येत्या ७ नोव्हेंबरला हारतुरे आवरते घ्या. विहारात एक माईक लावा आणि जो पोरगा, जी पोरगी आजवर कधीच बोलली नाही, तिच्यापासून सुरुवात करा. पहिल्यांदा आवाज कापेल. कापू द्या.

सतरंजी आम्ही उचलू. पण आता पाळीने.

जयभीम!