सव्वाआठची रेसिपी आणि नगरचा बंद रेडिओ

पॉडकास्ट नावाची चीज आयुष्यात आली आणि माझं गाणी ऐकणं जवळजवळ बंदच झालं. सकाळी बसमध्ये बातम्या, डेस्कवर क्राइम, रात्री झोपताना इतिहास. दिवसभर कोणीतरी कानात बोलत असतं. ही सवय आपल्या पिढीने शोधली असं वाटत असेल तर सॉरी बॉस! ब्रिटनमधल्या लोकांना ती 80 वर्षांपूर्वीच लागली होती, तीही महायुद्ध चालू असताना.

1942 सालचा बीबीसीचा एक दिवस बघा. सकाळच्या बातम्या संपल्या की सव्वाआठला ‘द किचन फ्रंट’. जेमतेम पाच मिनिटांचा कार्यक्रम. साखर, लोणी, मटण सगळं रेशनवर, मग बटाटे-गाजरांवर आठवडा कसा काढायचा, ते अन्न खात्याच्या मदतीने गृहिणींना सांगायचं. मग ‘द ब्रेन्स ट्रस्ट’. श्रोत्यांनी धाडलेले प्रश्न आणि त्यावर विद्वानांची आयत्या वेळची जुगलबंदी. (आपल्या टीव्हीवरच्या पॅनेलची ही आजी. फक्त आजी आरडाओरडा करत नसे.) रात्री नऊला बिग बेनचे ठोके, की बातम्या. वाचणारा आधी स्वतःचं नाव सांगायचा, कारण शत्रूने खोटी बातमी घुसवली तर लोकांना आवाजावरून ओळखता यावं. फेक न्यूजचं टेन्शनही जुनंच म्हणायचं.

आता यातला आपला भाग. त्या ‘किचन फ्रंट’वर भारतीय पद्धतीचे शाकाहारी पदार्थ सांगणारी एक बाई होती चक्क मराठी. वेणू चितळे. जन्म कोल्हापूरकडच्या शिरोळचा, शाळा पुण्याची हुजूरपागा. 1934 मध्ये त्या शिकायला लंडनला गेल्या, 1940 मध्ये बीबीसीत लागल्या. पुढे इंग्रजी बातम्याही वाचल्या. मटण मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्या इंग्रज घराला डाळ-भाजीची युक्ती सांगणारा हा आवाज मला फार ऐकावासा वाटतो.

त्यांचे बॉस कोण, तर जॉर्ज ऑर्वेल. हो, तेच, ‘1984’वाले. 1941 ते 1943 ते बीबीसीच्या पूर्वेकडच्या देशांसाठीच्या विभागात होते. ऑफिस ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, एका डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत. मार्च 1942 मध्ये बीबीसीची मराठी सेवा सुरू झाली. ऑर्वेल युद्धाचं साप्ताहिक वार्तापत्र इंग्रजीत लिहायचे, त्याचं मराठी व्हायचं आणि ते लंडनहून आपल्याकडे यायचं. प्रत्येक ओळ आधी सेन्सॉरच्या हातून जायची. ऐकत किती जण होते? स्वातंत्र्य मिळालं तेव्हासुद्धा देशभरात रेडिओ संच होते पावणेतीन लाखांच्या आसपास. ऑर्वेलना स्वतःलाच यात वेळ आणि सरकारी पैसा वाया जातोय असं वाटू लागलं आणि 1943 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ऑफिसमधलं फ्रस्ट्रेशन ग्लोबल असतं!

पण मी नगरचा आहे. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच.) त्यामुळे 1942 म्हटलं की मला लंडनच्या आधी आमचा भुईकोट किल्ला आठवतो. ‘चले जाव’च्या ठरावानंतर 9 ऑगस्टला पहाटे काँग्रेसचे नेते मुंबईत पकडले गेले आणि रेल्वेने इथे आणले गेले. नेहरू, पटेल, आपले शंकरराव देव, एकूण 12 जण. पैकी मौलाना आझाद काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांच्याजवळ एक छोटा रेडिओ होता, प्रवासात कायम सोबत असणारा. त्यांनीच आठवणींमध्ये लिहून ठेवलंय की बाकीचं सामान खोलीवर आलं, रेडिओ मात्र जप्त झाला. सुरुवातीला वर्तमानपत्रंही बंद होती.

म्हणजे बघा, लंडनहून मराठीत बातम्या सुटतायत आणि मराठी मुलखातल्या या किल्ल्यात देशाच्या सगळ्यात मोठ्या पक्षाचा अध्यक्ष कानावर काही पडू नये म्हणून बंद. त्याच महिन्यात, 27 ऑगस्टपासून, उषा मेहता आणि त्यांचे सोबती मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवू लागले. 12 नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना गाठलं.

तुम्ही म्हणाल, मग वेणूताई चुकीच्या बाजूला होत्या का? मी बराच विचार केलाय यावर. मला नाही तसं वाटत. नाझी जिंकू नयेत आणि इंग्रज जावेत, या दोन्ही इच्छा एकाच माणसाच्या असू शकतात. ऑर्वेल तर इंग्रज असूनही साम्राज्याच्या विरोधात होते. नोकरी करताना आपण कुणाचा माईक हातात धरलाय, हा प्रश्न आज माझ्या-तुमच्या क्युबिकलमध्येही असतोच की, फक्त बाहेर बॉम्ब पडत नाहीत. वेणूताई 1947 मध्ये परत आल्या आणि 1950 मध्ये त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी आली, पुण्यातल्या एका ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्यांची. त्यात गांधीजींची चळवळ पानोपानी आहे.

बीबीसीची रेडिओवरची मराठी 25 डिसेंबर 1958 ला थांबली. आझादांची पत्नी 1943 मध्ये कोलकात्यात वारली तेव्हा ते नगरच्या किल्ल्यातच होते. 1945 च्या जूनमध्ये त्यांची कैद संपली. रेडिओ त्यांना त्यानंतरच परत मिळाला.