पवनी रिकामी नाही



गोसेखुर्द धरणातील नौकाविहाराला जोडून ‘पवनीत पाहण्यासारखे काहीच नाही’ हा एका पत्रलेखकाचा निष्कर्ष घाईचा आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले, तेव्हा विटांचा भव्य स्तूप आणि ब्राह्मी लेखांचे दगडी खांब सापडले. इथले बुद्धाचे रक्षण करणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्प तर बुद्धाला मानवी रूपात न कोरण्याच्या काळातले! पण मातीचा उंचवटा पाहून हे कुणाला कळणार? फलक लावून दगड बोलू लागत नाहीत, हा आक्षेप मान्य. मात्र सांचीचा स्तूप उभा आहे, त्याला ओळखीची गरज कमी. इथला जमिनीत आहे, म्हणून जाणकार वाटाड्या इथेच अधिक हवा. सहल आखणारे मात्र तासाभरात किल्ला, घाट, टेकडी उरकतात.

– एक वाचक, पवनी