पाठीला डोंगर, पायाशी समुद्र

राजधानी वसवायची तर पाठीमागे जागा किती आहे ते आधी पाहून घ्यावे. हा साधा हिशेब इंग्रजांच्या जरा उशिरा ध्यानात आला, आणि म्हणूनच लेवुका हे गाव आज पाहण्यासारखे राहिले आहे.

हे फिजीच्या ओव्हालाऊ बेटावरचे बंदर. बेट म्हणजे एक विझलेला ज्वालामुखी; सारा विस्तार सुमारे १०० चौरस किलोमीटर. मोठ्या बेटावरून बोटीने तासाभरात पलीकडे लागलो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने हेलकावे खात बस गावात शिरली. गाव म्हणजे मुख्यतः एकच रस्ता! एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला लाकडी दुकानांची रांग, आणि दुकानांच्या पाठीशी लगेच काळा कडा. मिशनच्या टेकडीवर राहणाऱ्यांना बाजारहाट करून घरी जायचे तर १९९ पायऱ्या! मी त्या चढलो. किती वेळा थांबलो ते विचारू नका.

एके काळी या एका रस्त्यावर दारूचे गुत्ते इतके होते की, पाण्यावर तरंगत येणाऱ्या जिनच्या रिकाम्या बाटल्यांच्या मागोमाग गेले की जहाज अचूक बंदरात लागते, अशी आख्यायिका आहे. देवमासे मारणारे खलाशी, चंदनाचे आणि खोबऱ्याचे व्यापारी, कापसाचे मळेवाले, पाद्री, सगळे इथेच उतरले. १८६९ साली ‘फिजी टाइम्स’ हे वर्तमानपत्र इथेच निघाले. १० ऑक्टोबर १८७४ रोजी थाकोम्बाऊ आणि इतर सरदारांनी इथेच सह्या करून फिजी बेटे इंग्लंडच्या राणीच्या हवाली केली. नासोवाला त्या प्रसंगाची शिळा उभी आहे. पण कडा काही मागे सरकेना. १८८२ साली राजधानी सुवाला गेली, आणि लेवुका जसे होते तसे मागे राहिले. २०१३ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. फिजीतले असे ते पहिलेच स्थळ. २०१६ च्या विन्स्टन वादळाने पुष्कळ छपरे उडवली, तरी जुना तोंडवळा ओळखू येतो.

कड्याच्या पलीकडे, ज्वालामुखीच्या पोटातच, लोव्होनी नावाची हिरवीगार दरी आहे. तिथले डोंगरी लोक थाकोम्बाऊला लढाईत हार जाईनात. अखेर १८७१ मध्ये त्यांना कपटाने पकडले आणि मळेवाल्यांच्या हाती दिले. मळ्यांना माणसे हवी होती, हे ध्यानात ठेवा. पुढची गोष्ट तिथूनच निघते.

कारण नासोवाच्या सह्यांची शाई वाळते न वाळते तोच, जानेवारी १८७५ मध्ये, ‘डिडो’ या युद्धनौकेवरून थाकोम्बाऊ सिडनीहून परतला आणि त्याच नौकेतून गोवर बेटावर उतरला. फिजीची माणसे या रोगाला सर्वस्वी नवखी. काही महिन्यांत सुमारे ४०,००० माणसे गेली. नवे गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी ठरवले की फिजीच्या माणसाला त्याच्या गावातून उठवून मळ्यावर न्यायचे नाही. धोरण चांगलेच. पण मग ऊस कोणी तोडायचा? गॉर्डनसाहेब त्रिनिदाद आणि मॉरिशस पाहून आलेले होते; उत्तर त्यांना पाठ होते.

१४ मे १८७९ रोजी कलकत्त्याहून निघालेले ‘लिओनिडास’ जहाज लेवुकाला आले. त्यात ४६३ हिंदी मजूर होते, आणि वाटेत कॉलरा नि देवी जहाजावर शिरल्या होत्या. गोवराने पोळलेले गाव त्यांना जवळ कसे येऊ देणार? त्यांना यानुथा लाईलाई या समोरच्या चिमुकल्या बेटावर ठेवण्यात आले. पाच वर्षांच्या कराराने आलेली ही माणसे. ‘अ‍ॅग्रीमेंट’ जिभेवर वळेना, त्याचे ‘गिरमिट’ झाले. १९१६ पर्यंत अशी ६०,००० च्या वर माणसे फिजीत आली. ही पद्धत बंद करा, असा ठराव १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयच्या कायदे-कौन्सिलात मांडला होता. तो फेटाळला गेला. गोखले १९१५ मध्ये वारले. गिरमिटाचे शेवटचे करार रद्द झाले १ जानेवारी १९२० ला.

नासोवाच्या शिळेपाशी उभे राहून मी सह्यांची तारीख वाचली. राज्ये देण्याघेण्याच्या तारखा दगडावर चढतात, हे सगळीकडचेच आहे. माझे लक्ष मात्र पाण्याकडे होते.

दुपारी एका दुकानात पाणी घ्यायला गेलो. गल्ल्यावर साठीच्या बाई. ट्यूना मासळी डबाबंद करण्याच्या इथल्या कारखान्यात त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले होते. मी हिंदुस्थानातून आलो म्हणताच त्यांनी स्टूल पुढे सरकवले.

“हमार आजी के आजी जहाज से आइस रहा,” त्या म्हणाल्या.

आजी! वडिलांच्या आईला तिथे आजीच म्हणतात. भोजपुरी मुलखातून तो शब्द जहाजात बसून गेला. इतक्या दूर तो ऐकून मला क्षणभर काही सुचेना.

“कोणत्या गावची होती?” मी विचारले.

त्यांनी मान हलवली. गावाचे नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते. म्हातारी गाणी म्हणायची, एवढे ऐकून होत्या. मग पाण्याची बाटली पुढे करून त्यांनी पैसे घ्यायचे नाकारले आणि विचारले, “तुमच्याकडे अजून दिवाळीला मातीचे दिवे लावतात ना?”