योगायोगाचा सातबारा

उमरग्याकडं अजून ऐकू येतं: गणपती बोळवला आणि त्याच रात्री जमीन हालली, म्हंजे गावाचं काहीतरी चुकलंच असणार. तारखा खऱ्या आहेत. अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबर १९९३ ची. भूकंप ३० तारखेच्या पहाटे, चार वाजायला चारएक मिनिटं असताना. लोक थकून झोपलेले. किल्लारी गेली, सास्तूर गेलं (तेव्हा ते उमरगा तालुक्यातच होतं), आठ-दहा हजार माणसं मेली.

पण या पंचांगात रिकामा दिवस आहे कुठं? दोन दिवसांनी हालली असती तर पितर कोपले असते. आठवडाभर आधी हालली असती तर गौरी. तिथी कुठलीही असो, भट अर्थ घेऊन तयारच.

शकुनच बघायचा होता तर एक खराखुरा होता. १९९२ सालीच किल्लारी भागात धक्के बसत होते, जमिनीतून आवाज येत होते. लोक घाबरले होते. जड छपरं मात्र होती तशीच राहिली. आमच्या गोदीत तरी काय वेगळं? अमावस्येला वायर तुटली की मुकादम नारळ फोडतो. वायर किती वर्षं वापरात होती, हे विचारणारा आगाऊ ठरतो.

आणि हा रोग फक्त भटांचा नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारात भूकंप झाला, मुंगेर, मुजफ्फरपूर उद्ध्वस्त झालं. गांधी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. टागोरांनी जाहीर विरोध केला. गांधींनी तो विरोध आपल्या ‘हरिजन’मध्ये छापला, पण मत काही सोडलं नाही. आपल्यातही कुणाला तो अर्थ गोड लागेल. आपल्या बाजूचा ना! मला नाही लागत. पाप सवर्णांचं, तर त्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्यांची पोरं का मेली? असला न्यायाधीश आपल्याला नको. आपल्या बाजूनं निकाल दिला तरी नको.

तसाच गोड अर्थ किल्लारीचाही काढता येतो. वाडे पडले, खोपटी तगली. बघा, निसर्गानं हिशेब केला! अरे, निसर्गाला काय ठाऊक वाडा कुणाचा! मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-तीन फुटी भिंती, वर लाकडावर हात-दीड हात मातीचं माळवद. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. कुडाच्या, पत्र्याच्या खोपटात अंगावर पडायला तेवढं वजनच नव्हतं. पै-पै जोडून ज्यांनी दगडाची भिंत घातली होती, त्यांना त्या भिंतीनं जात विचारली नाही. ही वजनाची गोष्ट आहे, पुण्याची नाही.

आणि जिथं खरोखर अर्थ होता तिथं सगळे म्हणाले, ज्याचं त्याचं नशीब! ५२ गावं नव्या जागी वसवली. घर कुणाला केवढं? सातबारा बघून. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट. त्यावर सात हेक्टरपर्यंत ४००. त्याहून जास्त जमीन असेल तर ७५०. घरात माणसं किती, गेली किती, यावर नाही. भूकंपानं सगळ्यांना एकाच मातीत आणून टाकलं होतं. सरकारी टेपनं ज्याला त्याला पुन्हा जागच्या जागी बसवलं.

जमीन नेमकी त्याच रात्री हालली, हा योगायोग. मान्य. पण जमीन कुणाची, हाही योगायोगच काय? त्यासाठीच १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या मागं आपली माणसं तुरुंगात गेली. सात हेक्टर कुणाच्या नावावर आणि शून्य कुणाच्या, हे कुठल्या तिथीला ठरलं? काढा पंचांग आणि सांगा.